युटाचे १९४४ चे विजेतेपद खरे मानावे, की युद्धाने सोपे केलेले?

मुरगावचा प्रशिक्षक

मी वास्को येथील एका उच्च माध्यमिक विद्यालयात शारीरिक शिक्षण शिकवतो आणि मुलांच्या बास्केटबॉल संघाचा सराव घेतो. गेल्या आठवड्यात पावसामुळे मैदानावर उतरता आले नाही, म्हणून मुलांना वर्गात बसवून मी अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या १९४३-४४ च्या हंगामाची हकीकत सांगितली. महायुद्ध त्यांना फार लांबचे वाटू नये यासाठी सुरुवात आपल्याच बंदरापासून केली. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगाव बंदरात दोन जहाजे समोरासमोर आली होती. न्यूयॉर्कहून निघालेल्या 'ग्रिप्सहोम' या स्वीडिश जहाजात सुमारे दीड हजार जपानी होते, 'तेइया मारू' या जपानी जहाजात जवळजवळ तितकेच अमेरिकन व इतर नागरिक होते, आणि त्यांची येथे अदलाबदल झाली. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, मार्च १९४४ मध्ये, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये राष्ट्रीय विजेता ठरलेल्या युटाच्या संघात वॅट मिसाका हा जपानी आईवडिलांचा, पण युटातच जन्मलेला मुलगा खेळत होता, असे सांगून मी गोष्ट संपवली.

तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, चांगले खेळाडू सगळे लढाईवर गेले असतील, तर उरलेल्यांत पहिले येण्यात मोठे ते काय?" मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. जाणकारांनी सांगावे, की त्या हंगामाचे मोल आपण कसे करावे?

फोंड्याचा वाचक

आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे, परंतु त्यामागचे गृहीतक मात्र अर्धेच खरे आहे. युद्धाने सर्व महाविद्यालयांचे संघ सारखेच दुबळे केले, असे झाले नाही. काहींचे रिकामे केले आणि काहींचे उलट भरून टाकले.

याचे कारण लष्करी प्रशिक्षणाच्या योजनांमध्ये आहे. अमेरिकी नौदलाने १ जुलै १९४३ पासून 'व्ही-१२' नावाची योजना १३१ महाविद्यालयांत सुरू केली, जिच्यात भावी अधिकारी गणवेशात राहून पदवीचे शिक्षण घेत, आणि नौदलाने या प्रशिक्षणार्थींना महाविद्यालयाच्या संघातून खेळण्याची मुभा दिली होती. भूदलाने आपल्या अशाच योजनेतील विद्यार्थ्यांना ती दिली नाही. परिणामी ज्या महाविद्यालयात नौदलाची तुकडी होती तेथे इतर ठिकाणचे उत्तम खेळाडू आपोआप येऊन पडले, आणि जेथे भूदलाची होती तेथे धडधाकट तरुण डोळ्यांसमोर असूनही संघात घेता येत नव्हते. डार्टमथ हे नौदलाचे मोठे केंद्र होते. डिक मॅकग्वायर हा न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्सचा खेळाडू याच योजनेमुळे ऐन हंगामात डार्टमथला गेला, आणि अंतिम सामन्यात युटासमोर उभा राहिला तो हाच डार्टमथचा संघ. तेव्हा युटाने उरल्यासुरल्यांना हरवले असे म्हणणे निदान त्या सामन्यापुरते तरी चुकीचे ठरेल.

युटाचे स्वतःचे हाल मात्र पाहण्यासारखे होते. विद्यापीठाची व्यायामशाळा लष्कराने ताब्यात घेतली होती, त्यामुळे सराव बाहेर जागा मिळेल तेथे चाले. महाविद्यालयीन प्रतिस्पर्धी फारसे उरले नव्हते, म्हणून हंगामातले बरेच सामने लष्करी तळांच्या संघांशी झाले. एरवी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेत नसत. युद्धामुळे तो नियम सैल झाला, आणि म्हणूनच आर्नी फेरिनसारखा पहिल्या वर्षाचा मुलगा खेळू शकला. अंतिम सामन्यात एकट्या फेरिनने २२ गुण केले. ठरलेल्या वेळेत ३६-३६ अशी बरोबरी झाली, आणि जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणांत हर्ब विल्किन्सनने लांबून मारलेल्या बास्केटमुळे युटाने ४२-४० असा विजय मिळवला.

डिचोलीची शिक्षिका

वाचकसाहेबांनी व्ही-१२ ची माहिती फार चांगली दिली, पण एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. युटाचा संघ ज्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरला, तीत तो मुळात नव्हताच. दोन निमंत्रणांपैकी त्यांनी आधी न्यूयॉर्कची निमंत्रितांची स्पर्धा निवडली, कारण त्या काळी तिचाच मान अधिक होता, आणि तेथे पहिल्याच सामन्यात ते केंटकीकडून ४६-३८ असे हरले. दरम्यान आर्कान्सासच्या संघाला रस्त्यावर अपघात झाला. वाहनाचे चाक बदलत असताना मागून आलेल्या मोटारीने धडक दिली, दोन खेळाडू गंभीर जखमी झाले, संघासोबतच्या एका माणसाचा मृत्यू झाला आणि त्या संघाने माघार घेतली. त्या रिकाम्या जागी युटाला बोलावण्यात आले. एका स्पर्धेत बाद झालेला संघ दुसरीत कोणाच्या तरी दुर्दैवामुळे शिरतो आणि विजेता ठरतो, हे पाहता त्या मुलाची शंका पूर्णपणे पुसून टाकता येईल असे मला वाटत नाही. विजय खरा आहे, पण तो "देशातील सर्वोत्तम संघ" या अर्थाने वापरताना हात आखडता घ्यावा.

आपल्याकडे नेमके उलट घडले होते, हेही मुलांना सांगता येईल. हिंदुस्थानातले बहुतेक आघाडीचे क्रिकेटपटू लढाईवर गेले नाहीत, त्यामुळे १९४३-४४ च्या मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ केल्या, त्या पूर्ण ताकदीच्या गोलंदाजीसमोर. युद्धकाळातला प्रत्येक विक्रम त्यामुळे एकाच तराजूत घालता येत नाही.

मुरगावचा प्रशिक्षक

ताई, अपघाताची गोष्ट मी मुलांपासून लपवली नव्हती, पण घाईत एका वाक्यात आटोपली होती. ती चूक झाली. मात्र सर्वोत्तम कोण, याचा निर्णय त्याच आठवड्यात मैदानावर झाला होता ना? अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी रेड क्रॉसच्या मदतनिधीसाठी दोन्ही स्पर्धांच्या विजेत्यांचा सामना ठेवण्यात आला. युटाने त्यात सेंट जॉन्सला ४३-३६ असे हरवले.

डिचोलीची शिक्षिका

मान्य. परंतु सेंट जॉन्सचा मॅकग्वायर तोवर डार्टमथला गेलेला होता, हे विसरू नका.

जुना सेंटर, मडगाव

मी स्वतः तीस वर्षांपूर्वीपर्यंत सेंटरच्या जागी खेळत असे, त्यामुळे या चर्चेत सुटलेला एक मुद्दा मांडतो. युद्धाने कोण नेले याबद्दल सगळे बोलतात, पण कोण सोडले हेही पाहावे. साडेसहा फुटांहून उंच माणसाला लष्कर घेत नसे, आणि नेमके हेच बास्केटबॉलमध्ये सर्वांत उपयोगी. म्हणून ओक्लाहोमा ए अँड एमचा सात फुटी बॉब कुर्लंड आणि डीपॉलचा सहा फूट दहा इंची जॉर्ज मायकन हे दोघे युद्ध ऐन भरात असताना महाविद्यालयातच राहिले. रिंगेकडे खाली येणारा चेंडू हे उंच खेळाडू हवेतच अडवू लागले, तेव्हा १९४४-४५ च्या हंगामापासून त्यावर बंदी घालण्यात आली. आज आपण ज्याला गोलटेंडिंग म्हणतो आणि ज्यावरून आमच्या वेळी पंचांशी वाद होत, तो नियम त्या बंदीतून आलेला आहे. कुर्लंडच्या संघाने बंदीनंतरही १९४५ आणि १९४६ अशी सलग दोन विजेतेपदे घेतली, तेव्हा ती केवळ रिंगेवरच्या करामतीवर नव्हती. आपला विद्यार्थी युद्धकाळातल्या हंगामांना दुय्यम म्हणत असेल, तर आपल्या सरावात आपण पाळतो तो नियम कोणत्या हंगामांनी दिला, हे त्याला विचारा.

फोंड्याचा वाचक

मिसाकाबद्दल थोडे जोडतो, कारण मूळ प्रश्नातील मुरगावची जहाजे वाचल्यापासून तो मनातून जात नाही. युद्धकाळात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत हलवण्यात आले, त्यांतली टोपाझ ही छावणी युटा राज्यातच होती. मिसाकाचे गाव ऑग्डेन त्या किनारपट्टीच्या हद्दीबाहेर असल्यामुळे त्याचे घर वाचले. विजयानंतर संघ परत आला, तेव्हा त्याच्यासाठी भूदलात भरती होण्याचा आदेश आलेला होता. पुढे त्याला हिरोशिमात पाठवण्यात आले आणि बाँबहल्ल्याच्या पाहणीसाठी तेथील लोकांच्या मुलाखती घेण्याचे काम देण्यात आले. त्याच्या वडिलांचे मूळ त्याच शहराकडचे होते.

तो परत आला आणि पुन्हा युटाकडून खेळला. १९४७ मध्ये, सर्व संघांचे खेळाडू युद्धावरून परतलेले असताना, युटाने न्यूयॉर्कच्या त्याच निमंत्रितांच्या स्पर्धेत केंटकीला अंतिम सामन्यात ४९-४५ असे हरवले, आणि केंटकीचा हुकमी खेळाडू राल्फ बिअर्ड याला मिसाकाने एकाच गुणावर रोखले. उंची पाच फूट सात इंच. त्याच वर्षी न्यूयॉर्क निक्स या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केले, जरी तेथे त्याच्या वाट्याला तीनच सामने आले.

मुरगावचा प्रशिक्षक

१९४७ चा हा सामना मला ठाऊक नव्हता. सोमवारी वर्गात आधी आर्कान्सासचा अपघात सविस्तर सांगेन, मग हा निकाल फळ्यावर लिहीन. शंका विचारणारा तो मुलगा संघात सर्वांत बुटका आहे आणि त्याला नेहमी समोरच्या उंच मुलावर लक्ष ठेवायला लावतो म्हणून तो माझ्यावर थोडा नाराज असतो. मिसाका आणि बिअर्ड यांच्याविषयी तो काय म्हणतो, ते येथे कळवीन.