दहा बाय दहाचा स्टुडिओ आन् कूलर, एप्रिलमध्ये रेकॉर्डिंग कसं करता बे?

ढोलकी_आन्_केबल
राम राम मंडळी. नागपुरात नंदनवनला घराच्या वरच्या खोलीत छोटा स्टुडिओ टाकला, एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही पकडणारा), माइक कॉम्प्युटरला जोडायचा इंटरफेस, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर आन् सेकंडहँड मॉनिटर स्पीकर. हिवाळ्यात मस्त चाललं. पण आमचा खरा सीझन म्हणजे १४ एप्रिलच्या आधीचा महिना, भीमगीतंवाले सगळे तेव्हाच येतात, आन् तेव्हाच ऊन तापायला लागते. कूलर चालू ठेवला तं प्रत्येक टेकमध्ये घर्रर्र, बंद केला तं गायक अर्ध्या अंतऱ्यात घामानं ओला. भिंतीला अंड्याचे ट्रे लावले, फरक शून्य. ढोलकीचा धुमा, म्हणजे जाड आवाजाची बाजू, पण खोलीत लय गुंजते. काय करू?

स्लॅबखालचा_माणूस
भाऊ, कूलर विसर. कूलरला हवा बाहेर जायला खिडकी उघडी लागते, आन् खिडकी उघडी म्हणजे ऑटो, कुत्रे, शेजारची मिक्सी सगळं गाण्यात. खिडकी बंद करून चालवला तं खोलीत नुसता दमटपणा, आन् त्या दमटपणात ढोलकीची पुडी (चामडं) ढिली पडून सूर उतरते. मी तीन उन्हाळे हेच करत बसलो, दर दोन गाण्यांनी ढोलकी चढवायची. शेवटी स्प्लिट एसी घेतला, उधारीवर. सेशनच्या तासभर आधी खोली गार करायची, टेक घेताना बंद, टेक झाला की चालू. स्लॅबवर चुना मारला तं थोडा फरक पडते.

आन् वोकल सकाळी लवकर घे. अकरानंतर एडिटिंग.

साउंडवाला_महाल
अंड्याच्या ट्रेबद्दल मी दरवर्षी लिहितो तरी लोकं लावतातच 😀 ट्रेनं बाहेरचा आवाज अडत नाही, आवाज अडवायला वजन लागते आन् फटी बुजवाव्या लागतात. दाराखाली रबरपट्टी लाव, त्यातच निम्मं काम होईल. ट्रे लवकर पेट घेतात ते वेगळंच.

गुंजण्याचं कारण तुमची चौकोनी खोली. लांबी-रुंदी सारखी म्हणून दोन्हीकडून एकच सूर फुगते, १० फुटाला ५६ हर्ट्झच्या आसपास आन् मग त्याच्या दुप्पट ११३. कोपऱ्यांत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) उभं कर, कापडात गुंडाळून, चार इंचापेक्षा पातळ नको. ढोलकीवाल्याला खोलीच्या मधोमध बसवू नका, थोडा सरकवून ऐका, मग ठरवा.

ढोलकी_आन्_केबल
भारीच. रबरपट्टी उद्याच आणतो. एसीचं बजेट मात्र यंदा नाही, पंखा चालेल का?

स्लॅबखालचा_माणूस
कंडेन्सरला पंखा ऐकू येतेच, माइकवर वारं आलं तं फडफड वेगळी. त्यापेक्षा एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक घे, तोंडाजवळ धर, खोलीचा आवाज कमी येते. कोरसवाल्यांचं ऐकशील तं ते दुपारीच येतो म्हणतील, काहून का सकाळी ड्युटी असते.

साउंडवाला_महाल
आन् भाऊ, एप्रिलच्या गर्दीत अर्धा अ‍ॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडू नका. दोन करेक्शन फुकट, तिसऱ्याला पैसे, हे आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून टाका. नाही तं १३ तारखेच्या रात्री बारा वाजता फोन येते, "दादा, फक्त कोरसचा आवाज थोडा वाढवा ना."

ढोलकी_आन्_केबल
मागच्या वर्षी दीडला आला होता 😭