फिनिशमध्ये बोलायचं ते फक्त आपल्या देशाबद्दलच का?

काठावरची
तीन वर्षं झाली फिनलंडमधल्या एस्पोत राहून. दर मंगळवारी वाचनालयातल्या 'किएलिकाह्विला'त जाते. म्हणजे भाषा-कॅफे: फुकट, वर कॉफी. एक स्वयंसेवक आजी आणि आम्ही सात-आठ परदेशी. विषय ठरलेले: तुमच्याकडे सण कसे असतात, न्याहारीला काय खातात, लग्नं कशी होतात. दिवाळी सात वेळा सांगून झाली. पणत्या आता झोपेतही फिनिशमध्ये लावीन, पण परवा पाळणाघरात लेकाच्या पाठीवर पुरळ उठलंय एवढं सांगताना ततपप झालं, शेवटी त्याचा शर्ट वर करून दाखवला. माझ्या मते 'तुमच्या देशाबद्दल सांगा' म्हणजे आपल्याला कायम पाहुणं ठेवायची सोय आहे. बंद व्हायला हवं.

पुनेस्सा
साफ असहमत. ज्याबद्दल पोटात काही आहे त्यावरच तोंड उघडतं. सुट्टीत मामाकडे जायचो, असं मी एकदा सांगत होतो. इंग्रजीत अंकल म्हणून सुटलो असतो. इथे टेबलावरच्या आजोबांनी अडवलं, "एनो की सेतॅ?" एनो म्हणजे आईचा भाऊ, सेतॅ वडिलांचा. (आत्या आणि मावशी मात्र दोघी तॅती. तिथे आपण पुढे.) मग आजोबांना चेव आला. दिराला 'क्युत्यु', नणंदेला 'नातो'! शेजारच्या फिनिश पोरीला दोन्ही शब्द माहीत नव्हते. एप्रिल 2023 होता, फिनलंड नुकताच नाटोत गेलेला. अख्ख्या देशाला नणंद आली म्हणून म्हातारा डोळे पुसेपर्यंत हसला. हे सगळं मामामुळे.

आणि पंधरा विभक्त्यांना काय घाबरायचं? पुणेचं पुण्यात होतं, तसं हेलसिंकीचं हेलसिंगिस्सॅ. सामान्यरूप आपल्या अंगातच आहे.

तात्पुरता
कशाला डोकेफोड? ऑफिसात सगळं इंग्रजीत चालतं. दुकानात आपण फिनिश सुरू केलं की समोरचाच इंग्रजीवर येतो. दोन वर्षांत कॅनडा.

रात्रपाळी
तात्पुरता, नागरिकत्वासाठी पूर्वी पाच वर्षं राहावं लागायचं, ऑक्टोबर 2024 पासून आठ. भाषेच्या परीक्षेत तिसरी पातळी हवी ती वेगळीच. तुमचं कॅनडा लांबलं तर या धाग्यावर परत या.

बाकी दोघांना: मी वृद्धाश्रमात काम करते. पुस्तकात 'मिनॅ ओलेन' (मी आहे) शिकून गेले, तिथे सगळे म्हणतात 'मॅ ओओन'. पहिला महिना नुसती मान हलवली. काठावरचीचं पटतं, कामाची भाषा आधी. औषध, संडास, दुखतंय कुठे. पुरळाला 'इहोत्तुमा' म्हणतात, लिहून ठेवा.

पण एक आजी आहेत, जन्म वीपुरीचा. ते शहर आता रशियात. युद्धात त्या कारेलिया भागातून चार लाखांवर माणसं घरं सोडून आली, त्यातल्या या, 1944 साली शाळकरी पोर. मला रोज नव्यानं विचारतात, तू कुठली? मी रोज सांगते, साताऱ्याजवळचं गाव, दारात विहीर, पावसाळ्यात अंगणात बेडूक. मग त्या त्यांच्या अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाचं सांगतात. मी गावाचं काढलं नाही, तर त्याही गप्प. यात पाहुणं कोण आणि यजमान कोण, तुम्हीच सांगा.

पुनेस्सा
रात्रपाळी, माझंच म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा बरं मांडलंत.

रात्रपाळी
नाही हो. आजी मला विचारतात आणि स्वतःचंही सांगतात. कॅफेत फक्त आपण सांगतो, ते ऐकतात. काठावरचीचा राग त्यावर आहे, असं मला वाटतं.

काठावरची
त्यावरच आहे. आमच्या आजी मंगळवारी आमच्या सगळ्यांच्या लग्नाच्या चालीरीती ऐकून घेतात, पण त्यांचं लग्न झालंय की नाही हेही मला तीन वर्षांत कळलेलं नाही. आठवी दिवाळी सांगणार नाही. या खेपेला मीच विचारते, तुम्हाला नातो आहे का. रागावल्या तर कॉफी पिऊन घरी येईन.