स्टीमवर नाही म्हणजे गेमच नाही?

ठाकुर्लीकर
परवा इथे एका महाशयांनी ठोकून दिलं, "स्वतःच्या साइटवर गेम ठेवणं ही हौस. धंदा करायचाय तर स्टीम, नाहीतर गप्प बसा." गप्प बसवत नाही. स्टीम म्हणजे गेम विकणारं ऑनलाइन दुकान. तिथे दर गेममागे १०० डॉलर आधी भरा, ते परत मिळणार हजार डॉलरची विक्री झाल्यावर. वर प्रत्येक विक्रीतले ३० टक्के त्यांचे. त्यात सूट मिळते एक कोटी डॉलरच्या पुढे, म्हणजे ज्यांना गरज नाही त्यांना! माइनक्राफ्ट २००९ पासून स्वतःच्या साइटवरून विकला गेला, त्याची जावा आवृत्ती आजही स्टीमवर नाही. माझा गेम ४०० एमबीचा. त्याची झिप क्लाउडफ्लेअर कंपनीच्या आर-टू या ऑनलाइन साठवणीवर ठेवलीय, तिथे डाउनलोडच्या ट्रॅफिकचे पैसे लागत नाहीत. डोमेन सोडलं तर खर्च कसला?

सव्वानऊची_कसारा
माइनक्राफ्टचं नाव घेतलं की वाद जिंकला? तसा गेम दशकातून एखादा येतो. स्टीमवर माणूस चुकून तरी येतो. तुमच्या साइटवर कोण येणार, मावसबहीण? आणि विंडोजचा तो निळा इशाऱ्याचा डबा सोयीस्कर विसरलात. डिजिटल सही नसलेली एक्सई, म्हणजे गेम चालू करणारी फाइल, उघडली की विंडोजचा राखणदार स्मार्टस्क्रीन फक्त 'डोन्ट रन' दाखवतो. 'रन एनीवे' हवं तर आधी बारीक अक्षरातलं 'मोअर इन्फो' दाबायचं. अर्धे लोक तिथेच पळतात.

ठाकुर्लीकर
मी पानावर स्क्रीनशॉट लावलाय, कुठे दाबायचं ते बाण काढून.

भांडुपची_ताई
वा, छान! म्हणजे इशारा आला की न वाचता पुढे जा, हे तुम्ही बाण काढून शिकवताय. माझ्या आत्याला व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, एपीके, म्हणजे फोनवर ॲप टाकणारी फाइल. फोन 'धोका आहे' म्हणत होता, तिने 'तरीही इन्स्टॉल' दाबलं, कारण भाच्याने कधीतरी एक गेम टाकताना तसंच शिकवलं होतं. एफडी मोडून खात्यात ठेवलेले पैसे गेले. बँक म्हणते, ओटीपी तुमच्याच फोनवरून गेला. सायबर सेलच्या चकरा अजून चालूच आहेत.

ठाकुर्लीकर
आत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण ताई, मला चोरांच्या रांगेत का बसवताय?

भांडुपची_ताई
चोरही बाणच काढून पाठवतो, म्हणून.

कोड_आणि_कटिंग
मूळ विषय मेला, असो. आता कोणी म्हणेल, एक्सईवर सही करायला सर्टिफिकेट घ्या. पण जून २०२३ पासून त्याची डिजिटल किल्ली हार्डवेअर टोकनवर (पेनड्राइव्हसारखं उपकरण) किंवा तसल्याच सुरक्षित जागी ठेवावी लागते, पैसे दर वर्षी. घेतलंत तरी डबा लगेच जात नाही, आधी डाउनलोड होऊन विंडोजकडे पत वाढावी लागते. सही नसेल तर नवी बिल्ड, म्हणजे गेमची नवी आवृत्ती, टाकली की पत पुन्हा शून्य. मी बिल्डमागून बिल्ड टाकत होतो. एका टेस्टरच्या अँटिव्हायरसने एक्सई न सांगता उडवली आणि तो मला म्हणतो, "फोल्डर रिकामाच पाठवलास की!"

सव्वानऊची_कसारा
मग इचवर टाका, तेही गेमचं ऑनलाइन दुकानच. त्यांचा वाटा तुम्हीच ठरवता, शून्यसुद्धा चालतो.

ठाकुर्लीकर
इच! जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांनी डोळे वटारले आणि त्यांनी प्रौढांसाठीचे हजारो गेम एका फटक्यात शोधातून काढले. माझा गेम त्यातला नाही, पण दुकान दुसऱ्याचं असलं की शटर कधी पडेल ते तोच ठरवणार.

सव्वानऊची_कसारा
क्लाउडफ्लेअर काय तुमच्या काकांची?

ठाकुर्लीकर
नाही, पण तिथून हाकललं तर झिप दुसरीकडे ठेवीन, पत्ता तोच राहील. डोमेन माझं आहे ना!

कोड_आणि_कटिंग
एवढं मात्र खरं. ताईंसाठी एक तोड आहे. पहिली लेव्हल ब्राउझरमध्ये चालेल अशी द्या, गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेब एक्स्पोर्ट आहेच. एक्सई नाही, डबा नाही. आवडला तर झिप घेतील.

भांडुपची_ताई
हे आत्यालाही चालेल. तो बाण मात्र पुसा.

ठाकुर्लीकर
पुसतो. डेमोही करतो. पण स्टीमचे १०० डॉलर भरणार नाही, लिहून ठेवा.

सव्वानऊची_कसारा
लिहून ठेवलं. एवढी भांडणं झाली, गेमची लिंक अजून दिली नाहीत. याला म्हणतात मार्केटिंग!