गोगँची ताहिती आणि बोरोबुदुरचा फोटो
‘फ्रेंच चित्रकार गोगँने प्रशांत महासागरातल्या ताहिती बेटावर जे पाहिलं तेच रंगवलं’ असं म्हटलं जातं, पण हे मत मला पटत नाही. तो १८९१ मध्ये तिथे पोहोचला तेव्हा बेट फ्रेंच वसाहत होऊन अकरा वर्षं झाली होती. मिशनरी तर १७९७ पासूनच होते. त्यांच्या प्रभावाने बायका गळाबंद, पायघोळ झगे घालत. १८९१ मधलंच त्याचं ‘इया ओराना मारिया’ हे चित्र पाहा. त्यात हात जोडून उभ्या असलेल्या दोन स्त्रियांची ढब जावातल्या बोरोबुदुर या स्तूपावरच्या बौद्ध शिल्पपटावरून घेतलेली आहे, आणि तीही त्याच्याजवळच्या फोटोवरून! म्हणजे ‘आदिम’ ताहिती दाखवायला जावातलं हजारेक वर्षांपूर्वीचं, अत्यंत प्रगल्भ शिल्प. रंग मलाही भुरळ घालतात, पण ताहितीतल्या त्या झगेवाल्या बायका मला या चित्रात सापडत नाहीत. तेहामाना या त्याच्या ताहितियन सोबतिणीच्या १८९३ मधल्या चित्रात मात्र तो मिशनरी झगा दिसतो.