मदत हवी आहे: यामलमधील लांब ओळ तोडली की मेव्हनचा बिल्ड पडतो

अडलेला_गडी
गिटलॅबच्या पाइपलाइनमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्डच्या पायऱ्या, यामल या मांडणीच्या फाइलीत लिहिलेल्या) सोनार या कोड तपासणाऱ्या साधनासाठी मेव्हन या जावाच्या बिल्ड साधनाची एक भलतीच लांब कमांड आहे. ती एका ओळीत असेपर्यंत बिनतक्रार चालते. वाचता यावी म्हणून मी ती तीन-चार ओळींत तोडली, तर फाइल वैध असल्याचा निर्वाळा मिळतो आणि बिल्ड मात्र ‘अननोन लाइफसायकल फेज’ (बिल्डचा अनोळखी टप्पा) म्हणत पडतो. रिलीज आजच आहे, त्यामुळे कृपया नेमका उपाय सांगावा. यामल वापरूच नये, हा सल्ला आधीच मिळालेला आहे.

वाटाड्या
ओळी तोडताना ‘|’ (ओळतोड जशीच्या तशी ठेवणारे यामलचे चिन्ह) वापरले की ‘>’? शिवाय त्या त्रुटीत फेजचे नाव म्हणून अवतरणचिन्हांत काय छापून आले आहे?

शेलप्रेमी
एवढ्या चौकशीची गरजच नाही. संपूर्ण कमांड वेगळ्या शेल स्क्रिप्टमध्ये (कमांड चालवणाऱ्या शेलसाठीच्या फाइलीत) ठेवा आणि यामलमधून केवळ ती स्क्रिप्ट चालवा. तीच स्क्रिप्ट आपल्या यंत्रावरही चालवून पाहता येते, हा वरचा फायदा.

नवा_भिडू
यामलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालत नाही, हे एकदा तपासून घ्यावे.

अडलेला_गडी
टॅब नाहीत, असते तर फाइल वैध ठरलीच नसती. चिन्ह ‘>’ आहे. त्रुटीत ‘**/कॉन्फिग/**’ असे दिसते, आणि हा सोनारने वगळायच्या फोल्डरांच्या यादीतला दुसरा पॅटर्न आहे. यादी लांब असल्यामुळे ती स्वल्पविरामानंतर तोडली आहे, हे ओघानेच आले.

नवा_भिडू
मग ‘>’ ऐवजी ‘>-’ लिहा, काम होईल.

वाटाड्या
होणार नाही. ‘-’ ने फक्त मजकुराच्या अगदी शेवटची नवी ओळ गळते, मधल्या ओळींचे काहीच बदलत नाही. ‘>’ मधल्या प्रत्येक ओळतोडीच्या जागी एक स्पेस घालतो, आणि दुखणे नेमके तिथेच आहे. स्वल्पविरामानंतर स्पेस आली की शेल तिथे शब्द तोडतो, मेव्हनला दुसरा पॅटर्न स्वतंत्र आर्ग्युमेंट म्हणून मिळतो, आणि मेव्हन त्याला फेज समजतो.

अडलेला_गडी
मधल्या काळात पुढच्या ओळी दोन स्पेस आत सरकवून पाहिल्या. आता मेव्हन नव्हे, शेलच ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणतो.

वाटाड्या
तेही नियमाला धरूनच आहे. ‘>’ खाली जी ओळ इतरांपेक्षा अधिक आत असते तिच्या आजूबाजूची ओळतोड यामल जशीच्या तशी ठेवतो, म्हणून शेलने तुमचा दुसरा पॅटर्न ही वेगळी कमांड समजून चालवायला घेतला. स्पेस न घालता मजकूर जोडायचा असेल तर दुहेरी अवतरणे आणि ओळीच्या शेवटी ‘\’ हा यामलचा स्वतःचा मार्ग आहे. यादी व्हेरिएबलमध्ये ठेवा (नावे सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत):

```
वगळा: "**/डीटीओ/**,\
  **/कॉन्फिग/**,\
  **/जनरेटेड/**"
```

पुढच्या ओळीच्या सुरुवातीच्या स्पेस यात आपोआप गळतात. मात्र ‘\’ नंतर चुकून एक स्पेस राहिली तर ती मजकुरात शिरते आणि डोळ्यांना दिसतही नाही. कमांडमध्ये हे व्हेरिएबल दुहेरी अवतरणांतच वापरा, म्हणजे शेल त्यातल्या ताऱ्यांना हात लावणार नाही.

शेलप्रेमी
यापेक्षा ‘|’ घेऊन शेलचाच ‘\’ वापरणे सरळ नव्हे का? निदान कोणता ‘\’ कोणाचा, हा घोळ होत नाही.

वाटाड्या
चालेल, पण तिथे पुढची ओळ पहिलीच्या अगदी खाली सुरू व्हायला हवी. ती जरा जरी आत गेली तरी ती स्पेस शेलपर्यंत पोहोचते आणि यादी पुन्हा तुटते. फाइल नीटनेटकी करायला बसलेला पुढचा सहकारी नेमके तेच करेल. तुमच्या वेगळ्या स्क्रिप्टमध्येही हाच धोका आहे.

पोमवाला
वगळायची यादी पोम फाइलच्या (मेव्हनच्या प्रकल्प-फाइलच्या) प्रॉपर्टीजमध्ये का टाकत नाही? कमांड आपोआप आखूड होईल.

अडलेला_गडी
यादी गिटमधल्या कोडच्या शाखेनुसार बदलते, म्हणून ती पाइपलाइनमध्येच हवी. दुहेरी अवतरणांचा मार्ग लागू पडला, बिल्ड हिरवा झाला. वाटाड्या, आभारी आहे.

शेलप्रेमी
शाखेनुसार बदलते हे आधी सांगितले असते, तर स्क्रिप्टमध्ये एक केस (शाखा पाहून निवड करणारी शेलची रचना) टाकून तेही जमले असते.