घोडे परत करणारा लेफ्टनंट

ऑटो फ्रँक म्हणजे नाझींपासून लपून डायरी लिहिणाऱ्या ज्यू मुलीचे, ॲन फ्रँकचे, ती डायरी छापणारे वडील, बास, असं म्हटलं जातं. थोडी भर घालतो.

पहिल्या महायुद्धात हे गृहस्थ जर्मन सैन्यात होते. १९१८ साली लेफ्टनंट झाले. लढाईच्या धामधुमीत एका शेतकऱ्याचे घोडे ताब्यात घेतले होते, परत करीन असा शब्द दिला होता. नोव्हेंबरात युद्ध संपलं, सगळे घराकडे पळाले, आणि ऑटो मात्र घोडे पोचवायला गेले! घरी यायला जानेवारी उजाडला. तोवर आईच्या जिवाला किती घोर लागला असेल.

नंतर दुसऱ्या महायुद्धात, ॲमस्टरडॅममधल्या एका इमारतीच्या मागच्या गुप्त जागेत फ्रँक कुटुंबासह आठ माणसं दोन वर्षं लपलेली. मुलांचे अभ्यास हेच घ्यायचे. स्वतः मात्र खचलेल्या, करकरणाऱ्या पलंगाच्या कडेवर बसून डिकन्स वाचायचे, शेजारी डिक्शनरी. का कोण जाणे, मला ते चित्र डायरीतल्या कितीतरी मोठ्या प्रसंगांपेक्षा जास्त आठवतं.

४ ऑगस्ट १९४४ ला धाड पडली. नाझी अधिकाऱ्याला खोलीत एक लष्करी पेटी दिसली, वर लिहिलेलं : लेफ्टनंट ऑटो फ्रँक. तो चपापलाच. आवाज खाली आला, 'सावकाश आवरा' म्हणाला. म्हणजे अटक टळली नाहीच, फक्त सामान भरायला थोडा जास्त वेळ मिळाला.

त्या आठांपैकी छळछावणीतून जिवंत ॲमस्टरडॅमला परत आले ते एकटे ऑटोच, ३ जून १९४५ ला.