'कॉन्सिक्रेटेड लाइफ' : वाहिलेलं, समर्पित की व्रतस्थ?

अनुवादिका :
एका ज्येष्ठ कॅथलिक सिस्टरचा जीवनपट मराठीत आणते आहे. तरुणपणी व्रतं घेतली आणि उरलेलं सगळं आयुष्य कुष्ठरोग्यांच्या शुश्रूषेत घालवलं. 'कॉन्सिक्रेटेड लाइफ'साठी मी 'देवाला वाहिलेलं जीवन' लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून 'समर्पित जीवन' केलं. मला 'समर्पित' अगदी गुळगुळीत वाटतो. कार्यकर्ता समर्पित, शिक्षक समर्पित, आणि पूलसुद्धा जनतेला समर्पित! 'वाहिलेलं' म्हटलं की फूल डोळ्यांपुढे येतं. एकदा वाहिलं की ते परत उचलायचं नसतं. यात खटकण्यासारखं काय आहे?

पोथीवाचक :
संपादकांचं बरोबर आहे. 'देवाला वाहिलेली' म्हटल्यावर मराठी कानाला आधी मुरळी आठवते. खंडोबाला वाहिलेली, देवीला सोडलेली. त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. ही चाल बंद करायला मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा करावा लागला. स्वखुशीने व्रत घेतलेल्या बाईसाठी हा शब्द वापरू नये.

घंटानाद :
'वाहिलेली' आणि 'वाहून घेतलेली' यांत फरक आहे ना! पहिल्यात वाहणारा दुसराच कुणी असतो, दुसऱ्यात ती स्वतः. आणि चर्च याच मुद्द्यावर फार काटेकोर आहे. कॅथलिक धर्मसंहितेनुसार जबरदस्तीने, भीतीपोटी किंवा फसवणुकीने घेतलेलं व्रत व्रतच ठरत नाही. पहिल्या व्रतांसाठी वय किमान 18, कायमच्या व्रतांसाठी 21. त्याआधी नोव्हिशिएटचे, म्हणजे उमेदवारीचे, किमान बारा महिने आणि मग मुदतीची व्रतं, साधारण तीन ते सहा वर्षांची. एवढा वेळ देतात तो तिला मागे फिरता यावं म्हणूनच. तेव्हा 'देवाच्या सेवेला वाहून घेतलेलं जीवन' लिहा, मुरळीची आठवण येणार नाही.

अनुवादिका :
'वाहून घेतलेलं' चांगलं आहे, पण त्यात पावित्र्याची बाजू निसटते. माणूस संशोधनालाही वाहून घेतो, नाटकालाही. मूळ शब्दात 'पवित्र म्हणून वेगळं काढलेलं' असा अर्थ आहे.

घंटानाद :
खरं आहे. आमच्या कॅथलिकांत शिकवतात की बाई स्वतःला देते आणि देव तिला पवित्र करतो. देणारी ती, पवित्र करणारा तो. मराठीत एका क्रियापदात हे दोन्ही कसं बसवायचं?

मंडळीतला :
मी प्रॉटेस्टंट घरातला. आमच्याकडे मठ नाही, व्रतं नाहीत. पण 'पाचारण' आहे. मराठी बायबलमध्ये देवाने बोलावणं म्हणजे पाचारण, आणि ते प्रत्येक विश्वासणाऱ्याला असतं. प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर स्वतः व्रतस्थ संन्यासी होता. 1521 मध्ये त्याने मठातल्या व्रतांविरुद्ध सविस्तर लिहिलं आणि 1525 मध्ये मठ सोडून आलेल्या कातरिना फॉन बोराशी लग्न केलं. चांभाराने जोडा नीट शिवणं हीसुद्धा देवाने नेमून दिलेली सेवा, हे त्याचं म्हणणं. म्हणून माझा प्रश्न असा, की व्रत घेतलेल्यांसाठी वेगळा शब्द हवाच कशाला? सेवा ती सेवा.

पोथीवाचक :
'पाचारण' हा देखणा शब्द, पण वर्तमानपत्रांनी त्याचं काय केलं पाहा. अग्निशमन दलाला पाचारण, श्वानपथकाला पाचारण. आता देवाचं पाचारण म्हटलं तर नव्या वाचकाला काय कळणार?

मंडळीतला :
आमच्या नव्या वाचकाला कळतं. प्रार्थनेत तो शब्द रोज कानावर पडतो. बातमीदाराने वापरला म्हणून आमचा शब्द आम्ही का सोडायचा?

परिचारिका :
मी तीस-एक वर्षं वॉर्डात काढली आहेत. तुम्ही सगळे 'सेवा' शब्द सहज ओलांडून पुढे गेलात, म्हणून लिहिते. आमच्या वॉर्डात व्रतं घेतलेल्या एक सिस्टर होत्या. जखमेची पट्टी सोडवताना त्या ओढत नसत. कोमट सलाइनचा बोळा चिकटलेल्या गॉजवर धरून थांबायच्या. गॉज आपणहून सुटेपर्यंत पेशंटशी बोलत राहायच्या. मी एकदा म्हटलं, इतका वेळ कुठे असतो आपल्याकडे? त्या म्हणाल्या, 'ही माझी संध्याकाळची प्रार्थनाच चाललीय.' त्यांच्या लेखी पूजा आणि शुश्रूषा ही दोन कामं नव्हती. आणि आपण दोन्हींना 'सेवा'च म्हणतो. विठ्ठलाची सेवा, रुग्णाची सेवा. हे आपल्या भाषेत आयतं आहे, मग उसनं काय शोधता?

पोथीवाचक :
परिचारिकाताई, तुमच्या म्हणण्याला धातूचाही आधार आहे. संस्कृतात 'सेव्' म्हणजे जवळ राहणं, सोडून न जाणं. सेवा करणं आणि पूजणं हे अर्थही त्याच धातूचे.

मंडळीतला :
बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायाची सुरुवात बघा. पौल सांगतो, आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, आणि त्यालाच मराठी बायबल 'आध्यात्मिक सेवा' म्हणतं. तिथे ग्रीक शब्द 'लात्रेइया', म्हणजे उपासना. ताटं वाढण्याची, गरिबांची सेवा ती 'दियाकोनिया'. मराठीत दोन्ही 'सेवा'.

शब्दवेडा :
दियाकोनियावरूनच डीकन, चर्चमधला तो सेवक-अधिकारी, ना? आणि आपल्याकडे 'दीक्षा', 'दीक्षित'. मूळ एकच असणार असं मला कधीपासून वाटतं.

पोथीवाचक :
अजिबात नाही. दीक्षा हा यज्ञाआधीचा संस्कार, वैदिक शब्द. दियाकोनोस म्हणजे ग्रीकमध्ये सेवक, निरोप्या. 'धुळीतून धावत येणारा' अशी त्याची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात, तीही भाषाशास्त्रज्ञ मानत नाहीत. आवाज जुळला म्हणून सोयरीक जुळत नाही.

शब्दवेडा :
धुळीतून धावत येणारा सेवक! व्युत्पत्ती खोटी असली तरी मला आवडली.

घंटानाद :
पण निव्वळ 'सेवा' म्हटलं तर जन्मभर मठाच्या भिंतीआड प्रार्थना करणाऱ्या कार्मेलाइट बायकांचं काय? त्या दवाखाना चालवत नाहीत, शाळा चालवत नाहीत. तरी जीवन कॉन्सिक्रेटेडच. खरं तर काटेकोर अर्थाने 'नन' त्याच, बाहेर काम करणाऱ्या त्या 'सिस्टर'. सोळाव्या शतकात ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेनंतर व्रतस्थ बाईने मठाबाहेर पडायचं नाही हा नियम फार कडक झाला. 1633 मध्ये व्हिन्सेंट डी पॉल आणि लुईझ द मारियाक यांनी पॅरिसमध्ये 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' सुरू केली तेव्हा त्यांनी म्हणूनच जपून पावलं टाकली. व्हिन्सेंटचं सांगणं असं, की तुमचा मठ म्हणजे आजाऱ्यांची घरं, तुमचं प्रार्थनामंदिर म्हणजे गावचं चर्च, आणि मठाच्या ओवरीऐवजी शहरातले रस्ते. त्या भगिनी आजही व्रतं एका वर्षापुरतीच घेतात आणि दर 25 मार्चला नव्याने उच्चारतात. आजाऱ्यांपर्यंत जाता यावं म्हणून 'नन' म्हणवून घेणं ज्यांनी टाळलं, त्यांनाच आपण मराठीत सरसकट नन म्हणतो!

परिचारिका :
आणि 'सिस्टर' म्हणतो प्रत्येक नर्सला. मलाही. पुरुष असेल तर 'ब्रदर'. मठातला शब्द वॉर्डात आला आणि तिथेच राहिला. मला त्याचा अभिमान आहे.

पोथीवाचक :
मग 'व्रतस्थ जीवन' घ्या. शुद्ध आहे, समर्पितइतकं झिजलेलं नाही, आणि मठातल्या व मठाबाहेरच्या दोघींना लागू पडतं.

घंटानाद :
मठात राहणारे बेनेडिक्टाइन असोत की बाहेर काम करणारे जेझुइट, सगळ्यांना चालेल. मदर तेरेसांच्या भगिनींना तर आणखीच, कारण ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन या नेहमीच्या तीन व्रतांवर त्यांचं चौथं व्रत आहे : गरिबांतल्या गरिबांची मनापासून, विनामोबदला सेवा. तिथे सेवा व्रतातच आली. मात्र हा शब्द धर्मप्रांतीय फादरांना लावू नका. ते ब्रह्मचर्य पाळण्याचं आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात, दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत.

अनुवादिका :
'दारिद्र्याचं व्रत'! इथेही मी अडलेच आहे. दारिद्र्य म्हटलं की रेशनकार्डावरची रेषा आठवते. 'अपरिग्रह' लिहू का?

पोथीवाचक :
जरूर लिहा. नेमका शब्द आहे.

मंडळीतला :
अपरिग्रह जैन परंपरेतला, गांधींच्या आश्रमातला. चर्चमध्ये कुणी म्हणत नाही. जे आत्म्याने दीन ते धन्य, हे घराघरात पाठ आहे. 'दीनतेचं व्रत' म्हणा.

पोथीवाचक :
कुणी म्हणत नाही म्हणून म्हणू नये, हा कुठला न्याय? फादर स्टीफन्सनी 1616 च्या ख्रिस्तपुराणात स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. त्यांनी इथल्याच मातीतले शब्द उचलले आणि भाषा मोठी केली.

मंडळीतला :
आणि आज कुठल्या चर्चमध्ये वैकुंठ म्हणतात ते सांगा. लोकांनी 'स्वर्ग' ठेवला. निवाडा बोलणाऱ्यांनी केला.

परिचारिका :
त्या वॉर्डातल्या सिस्टरांचा पगार थेट संस्थेच्या खात्यात जायचा. नवी चप्पल हवी तरी सुपीरियरकडे, म्हणजे मठाच्या प्रमुख सिस्टरकडे, मागायची. त्या याला 'गरिबीचं व्रत' म्हणत, आणि बोलताना चेहऱ्यावर कधी खंत दिसली नाही. अपरिग्रह म्हणजे न साठवणं. इथे तर स्वतःच्या नावावर काही नसतं आणि लागेल ते मागून घ्यावं लागतं. दीनता मनाची असते, ही चप्पल खरीखुरी आहे. मी तर 'गरिबी'च लिहीन.

पोथीवाचक :
ताई, गरिबी हा अरबी 'गरीब'वरून आलेला. मूळ अर्थ परका, परदेशी.

परिचारिका :
घरदार सोडून आलेल्या बाईला तो अर्थही चालेल.

शब्दवेडा :
आणि 'सुपीरियर'ला मराठीत काय म्हणतात? वरिष्ठा? मठाधिपती? की नुसतं मदर?